माऊंट मेरीसमोरचे मेणाचे नवस: वस्तू चांगली, सोबत मिळणारा सल्ला घेऊ नका

वांद्र्याला माऊंट मेरी बॅसिलिका या मरियामातेच्या चर्चसमोर रस्त्याच्या कडेने जे स्टॉल लागतात, तिथे मेणबत्त्यांच्या जोडीला मेणाच्या आकृत्या मिळतात. हात, पाय, डोळे, हृदय, डोके, तान्हे बाळ, घर, मोटार, विमान. दुखणे ज्या अवयवाचे तो अवयव घ्यायचा, मूल हवे तर बाळ, परदेशी जायचे तर विमान. हा माल वर्षभर मिळतो, पण सप्टेंबरच्या जत्रेत त्याचे ढीग लागतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर बुधवारी, नोव्हेनाच्या (नऊ वेळा म्हणायच्या प्रार्थनेच्या) दिवशी, हाच माल दिसतो. या आकृत्या घ्याव्यात का, घेतल्या तर कशा पारखाव्यात, हे इथे सांगतोच. पण जास्त लिहायचे आहे ते आकृतीबरोबर गिऱ्हाईक जो नवस घरी घेऊन जाते त्याबद्दल. आकृती चर्चमध्ये ठेवून मोकळे होता येते. नवसाचे तसे नाही.

आधी वस्तू. आकृत्या पॅराफिन मेणाच्या, साच्यात ओतलेल्या असतात. हातात घेऊन आधी साच्याची शिवण पाहावी. दोन अर्धे जिथे जुळतात तिथे केसाएवढी भेग असेल तर गर्दीच्या रेटारेटीत आकृती तिथेच उकलते. बोटे, मनगट आणि विमानाचे पंख सर्वांत आधी मोडतात, म्हणून ते भाग जाड ओतलेले घ्यावेत. आकाराच्या मानाने वजन फारच हलके लागले तर आकृती आतून पोकळ आहे असे समजावे. ती देवळात पोचेपर्यंत टिकेल, पण पिशवीच्या तळाशी घालू नये. घरून निघतानाच आकृती सोबत असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावी आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नये. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांवर वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडून वाकते. सप्टेंबरमध्ये उघडीप पडली की बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते.

आकृतीत बहुधा वात नसते. ती पेटवायची नाही, ठेवायची असते. ज्योत लावली तर मेणाचे थारोळे होते आणि बाजूच्या माणसाच्या पायावर सांडते. पेटवायला मेणबत्ती वेगळी घ्यावी. भाव विचारताना आकृती, मेणबत्ती आणि फुले यांचा सुटा सुटा विचारावा, कारण तिन्ही हातात देऊन एकच रक्कम सांगितली की कशाचे किती ते कळत नाही. आत गेल्यावर ठरवून दिलेल्या जागीच आकृती ठेवावी किंवा स्वयंसेवकांकडे द्यावी, वेदीच्या पायरीवर सोडू नये. पुढे त्या मेणाचे काय होते म्हणून वाईट वाटून घेऊ नये. पॅराफिन वितळवून पुन्हा ओतता येते, आणि भक्ती काही त्या मेणात साठवलेली नसते.

वस्तू म्हणून पाचपैकी चार गुण. कारागिरी साधी आहे, पण पाहताक्षणी कळते. बोलता न येणाऱ्या आजाऱ्यालाही आपले मागणे हातात धरता येते, आणि हे काही थोडके नाही. कोळी, ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक), गोवेकर यांच्याबरोबर हिंदू, पारशी भाविकही इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. सध्याची इमारत १९०४ सालची, बॅसिलिकेचा दर्जा, म्हणजे पोपने दिलेला खास मान, १९५४ चा. मोतमाऊलीवरची, म्हणजे इथल्या मरियामातेवरची, श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी.

आता सल्ला. स्टॉलवर, रांगेत, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून काही वाक्ये पुन्हापुन्हा कानावर येतात. आकृती घेतलीत म्हणजे नवस बोललात. फेडला नाहीत तर उलटेल. आईने मुलाच्या नावाने बोलला असेल तर तो मुलालाच फेडावा लागेल. मागणे मोठे तर आकृती मोठी हवी. या सल्ल्याला आम्ही एकही गुण देत नाही. चर्चची शिकवण यातल्या एकाही वाक्याला आधार देत नाही, आणि श्रद्धाळू माणसांची झोप याच वाक्यांनी उडते.

कॅथलिक धर्मसंहितेत, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, नवसाबद्दल कलम ११९१ पासून मोजकी कलमे आहेत. नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि स्वेच्छेने दिलेले वचन. ज्याचे वचन द्यायचे ती गोष्ट शक्य हवी, आणि न करण्यापेक्षा ती करणे अधिक चांगले असायला हवे. यातला एकेक शब्द तपासून पाहावा. विचारपूर्वक म्हणजे आपण देवाशी बांधून घेतो आहोत हे कळून. आयसीयूच्या दाराशी तोंडातून निसटलेला ‘वाचव, मी काहीही करीन’ हा टाहो ही प्रार्थना आहे. तो नवस ठरेलच असे नाही. ‘यंदा रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची’ असे मनाशी ठरवणे हा संकल्प आहे, तो मोडला तर चुटपूट लागते, पण देवाला दिलेले वचन मोडले असे होत नाही. आणि मेणाचा हात विकत घेऊन ठेवणे हे नुसते मागणे किंवा आभार असू शकते. त्यातून आपोआप कसलेही बंधन निर्माण होत नाही. वचन दिले असेल तरच नवस.

मोतमाऊलीला नवस केला असे आपण सहज बोलतो. नवस मात्र देवालाच होतो. मरिया मध्यस्थी करते, ती वसुलीला येत नाही. हे नीट समजले की ‘माऊली रागावली’ ही भीती निम्मी ओसरते. मुलाला ताप आला, दुकान बसले, की पाच वर्षांपूर्वी फेडायचा राहिलेला नवस आठवतो आणि सगळे खापर त्यावर फुटते. मग माणूस चर्चमध्ये येतो तो भीतीने, किंवा त्याच भीतीने यायचेच बंद करतो. नवसाचा हा पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा धोका: देवात बापाच्या जागी सावकार दिसू लागतो.

बायबल नवसाला मनाई करत नाही. हन्नाने शमुवेलासाठी नवस केला, याकोबाने बेथेल येथे केला आणि तोही अटी घालून. प्रेषित पौलाने किंख्रिया गावी नवसामुळे केस कापले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. पण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सांगितले आहे की नवस केलास तर फेडायला उशीर करू नको, केलाच नाहीस तर त्यात पाप नाही. ‘उपदेशक’ या पुस्तकाचेही म्हणणे तेच: बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेले बरे. स्टॉलवर ‘आधी नवस बोला, मग बघा’ असे सांगणाऱ्याने हे वाचलेले नसते.

इस्राएली सेनानी इफ्ताह याचे काय चुकले ते बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात बारकाईने पाहण्यासारखे आहे. अम्मोन्यांवर विजय मिळाला तर घराच्या दारातून जे कोणी मला भेटायला बाहेर येईल ते अर्पण करीन, असे तो बोलला. वचनाला ना नाव, ना मर्यादा. त्यात द्यायचे होते ते त्याचे स्वतःचे नव्हते, दुसऱ्याचे आयुष्य होते. डफ वाजवत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. आजचे नवस एवढे भयंकर नसतात, पण घडण तीच असते: ‘मुलगा झाला तर त्याला फादर करीन’, ‘ती बरी झाली तर ती आयुष्यभर बुधवारची नोव्हेना चुकवणार नाही’. कलम ११९३ इथे अगदी स्पष्ट आहे. नवस स्वभावतःच फक्त करणाऱ्याला बांधतो. आईने बोललेला नवस मुलाच्या मानगुटीवर बसत नाही, बापाचा राहिलेला नवस वारसांकडे येत नाही. आईला नवस करायचाच असेल तर तो स्वतःचा करावा: मुलाच्या पाचारणासाठी (देवाने त्याला धर्मसेवेला बोलवावे म्हणून) रोज रोझरीचे एक दशक, म्हणजे दहा मणी, म्हणेन, इतकेच.

चर्चची सावधगिरी पाहायची असेल तर ती व्रतस्थांच्या, म्हणजे धर्मसंघात राहणाऱ्यांच्या, नवसांत दिसते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदरला आधी निदान १२ महिने नॉव्हिशिएट (उमेदवारी) करावे लागते. मग तात्पुरती व्रते, तीही वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि कमीत कमी तीन वर्षांसाठी. कायमची व्रते २१ वर्षांआधी नाहीत. इतकी वर्षे पारखून घेणारे चर्च उभ्याउभ्या बोललेल्या जन्मभराच्या नवसाकडे काळजीने पाहते, यात नवल नाही.

भीतीच्या भरात नवस कसा होतो याचे सगळ्या जगाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन ल्यूथर. २ जुलै १५०५ रोजी जर्मनीत स्टॉटर्नहाइमजवळ वादळात वीज कोसळली, तेव्हा मरियेची आई संत ॲना हिचा धावा करून तो ‘मी संन्यासी होईन’ असे बोलून गेला. दोनच आठवड्यांत तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात होता. वकील होईल या आशेवर असलेला बाप संतापला. १५२१ मध्ये त्याच ल्यूथरने मठवासीयांच्या व्रतांवर घणाघाती टीका लिहिली. कॅथलिक वाचकाला त्याचे निष्कर्ष पटणार नाहीत, प्रोटेस्टंट वाचकाला पटतील. पण देवाची कृपा आपल्या वचनाच्या मोबदल्यात मिळते असे वाटू लागले की नवस विश्वासाच्या आड येतो, हा त्याचा मुद्दा दोघांनीही ऐकण्यासारखा आहे. मेणाच्या आकृत्यांना नावे ठेवणाऱ्या मंडळींनी आपल्याकडच्या संजीवन सभांकडेही (श्रद्धा जागवण्याच्या प्रार्थनासभांकडेही) पाहावे. संगीत टिपेला पोचलेले असताना हात वर करून दिलेली जन्मभराची वचने याच जातीची असतात.

उलट नीट केलेला नवस कसा असतो, ते पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर १५ ऑगस्ट १५३४ रोजी दिसले. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सहा सोबती यांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्याबरोबर यरुशलेमला जाण्याचा नवस केला. त्या सहांत पुढे गोव्याला आलेला फ्रान्सिस झेवियर होता. पण त्यांनी वर्षभराची मुदत आणि दुसरी वाटही नवसातच घालून ठेवली: जाता आले नाही तर पोप सांगतील ते काम करू. व्हेनिसमध्ये त्यांनी जहाजाची वाट पाहिली, तुर्कांशी युद्ध पेटल्याने जहाज निघाले नाही, आणि ते रोमला गेले. नवस मोडला नाही, कोणाच्या मनाला टोचणी लागली नाही. १५४२ मध्ये झेवियर गोव्यात उतरला तो या दुसऱ्या वाटेने. नवस करायचाच असेल तर हा नमुना समोर ठेवावा.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? कागदावर लिहावे. नेमके काय करणार, किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत आणि जमले नाही तर त्याऐवजी काय. ‘दरवर्षी पायी येईन’ हा वाईट नवस आहे, कारण गुडघे दरवर्षी तेच राहत नाहीत. ‘पुढच्या तीन जत्रांत एकदा येऊन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकेन, प्रकृतीने साथ दिली नाही तर आपल्याच पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) ऐकेन’ हा चांगला. रकमेचा नवस असेल तर आकडा ठरलेला हवा आणि तो नवरा-बायको दोघांना ठाऊक हवा. देवाला वाहिले म्हणून आईबापांना द्यायचे नाही, या पळवाटेला येशूने मार्कच्या ७व्या अध्यायात ‘कुर्बान’चे उदाहरण घेऊन खडसावले आहे; आईच्या औषधाचे पैसे थकवून वाहिलेली सोन्याची साखळी त्याच जातीची. मधुमेह असणाऱ्याने कडक उपासाचा नवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि लिहिलेला कागद एक आठवडा बायबलमध्ये ठेवून पुन्हा वाचावा. तेव्हाही तो योग्य वाटला तर बोलावे.

दारूच्या नवसाबद्दल थोडे अधिक. ‘मूल बरे झाले, आता थेंबाला शिवणार नाही’ असा जन्मभराचा नवस घेतलेला माणूस तीन महिन्यांनी घसरतो. आधी फक्त व्यसनाची लाज होती, आता देवाला फसवल्याचे ओझेही चढले. तो मिस्साला यायचे टाळतो, कन्फेशनला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) जात नाही, आणि ज्या आधाराची सर्वांत जास्त गरज आहे तोच सुटतो. व्यसन हा आजारही आहे. त्यावर उपचार लागतात, सोबत लागते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटात आजच्या २४ तासांपुरतेच बोलतात, यात मोठे शहाणपण आहे. घरच्यांनी अशा माणसाला माऊंट मेरीला अवश्य न्यावे, मेणबत्ती लावू द्यावी, पण त्याच्याकडून जन्माचे वचन वदवून घेऊ नये. धाकाने वदवून घेतलेल्या नवसाला अर्थही नसतो: अन्यायाने घातलेल्या गंभीर भीतीपोटी किंवा फसवणुकीने केलेला नवस रद्दबातल, असे कलम ११९१ मध्येच म्हटले आहे.

जुना नवस अंगावर असेल तर काय? आधी तो अजून उरला आहे का ते पाहावे. ठरवलेली मुदत उलटून गेली, अट पूर्ण झाली नाही किंवा ज्या गोष्टीचे वचन दिले तीच मुळातून बदलली, तर नवस संपतो (कलम ११९४). नोकरी लागली तर देईन म्हटले आणि नोकरी लागलीच नाही, तर देणे लागत नाही. नवस उरला असेल आणि जसाच्या तसा जमत नसेल, तर खासगी नवस करणाऱ्याला तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात स्वतःच बदलता येतो (कलम ११९७). पायी वांद्र्याला येण्याऐवजी नऊ बुधवार रुग्णालयात एकट्या पडलेल्या आजाऱ्यांना भेटणे, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्याहून हलक्या गोष्टीत बदलायचा किंवा पूर्ण सूट हवी, तर ती पॅरिश प्रीस्ट किंवा बिशप देऊ शकतात. त्याला योग्य कारण लागते, आणि त्यात दुसऱ्या कोणाचा मिळालेला हक्क बुडता कामा नये. अनाथाश्रमाला रक्कम कबूल केली, त्यांनी ती स्वीकारली, तर तो प्रश्न आता एकट्या नवसाचा राहत नाही. हा अधिकार प्रत्येक धर्मगुरूला आपोआप नसतो, म्हणून मिस्सा संपल्यावर समोर दिसेल त्या फादरांना विचारून ‘हो’ मिळवण्यात अर्थ नाही. ही व्यवस्था नवी नाही. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात नवसाच्या रकमा वयानुसार दिल्या आहेत, गरिबाला झेपेल तेवढी ठरवण्याची मुभा याजकाला आहे, आणि वाहिलेले घर किंवा शेत एक पंचमांश जास्त भरून सोडवता येते.

एका धोक्याबद्दल फार कमी बोलले जाते, आणि आमच्या मते तोच सर्वांत खोल आहे. नवस बिनबोभाट फिटतो तेव्हा हा धोका येतो. मूल झाले, मेणाचे बाळ ठेवले, मेणबत्ती लावली. आता देवाचे काही देणे नाही. पुढचे मागणे निघेपर्यंत प्रार्थना बंद. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परततो. त्याने काही कबूल केले नव्हते, तरी तो आला. ज्याच्यावर नवसाचे बंधन नाही, त्याने आभाराची आकृती घेऊन माऊंट मेरीची टेकडी चढणे आम्हाला म्हणूनच फार मोलाचे वाटते. आकृती घ्यायचीच तर याच कारणाने घ्यावी.

जत्रा ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणाऱ्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते; रविवार टाळून मधल्या वारी सकाळी लवकर आले तर आकृती निवडायला आणि आत शांतपणे बसायला वेळ मिळतो. नवस बदलून घ्यायचा असेल तर मात्र तो आठवडा कामाचा नाही. आपल्याच पॅरिशच्या कचेरीतून आधी वेळ घ्यावी आणि चार ओळी लिहून न्याव्यात: काय बोललो, कधी, कशासाठी आणि आता काय अडते आहे.